हिवरखेडची खिरापत

ऑक्टोबरमध्ये वऱ्हाडात जाऊ नका, असं मला तिघांनी सांगितलं. त्यांतले दोघे वऱ्हाडात कधीच गेले नव्हते, म्हणून मी तिकिटं काढली. ऊन फार असतं हे तिसऱ्याचं म्हणणं मात्र खरं निघालं, ते आधीच सांगून टाकतो.

बरोबर मुलगी होती, सई. नववीत आहे, दसऱ्याला जोडून तिला सुट्टी होती. माझी कमलमावशी अकोल्याच्या उत्तरेला हिवरखेडला राहते. लग्न होऊन ती साताऱ्याहून तिकडे गेली त्याला पन्नास वर्षं झाली. तिला भेटायचं होतंच, पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरी माणसं चार आणि पडदेही चार. एका संध्याकाळी कोण काय पाहतंय याचा मी हिशोब घेतला, तर भाषा पाच निघाल्या. त्यात मराठी फक्त बातम्यांपुरती, आणि त्या बातम्याही माझ्याच. सई कोरियन मालिका बघते, त्यांची अक्षरं तिला वाचता येतात. सगळं जग एकाच साच्यातून काढल्यासारखं होत चाललंय, असं मला वाटायचं. साच्याबाहेरचं काही अजून उरलं असेल तर ते तिला दाखवावं, एवढाच हेतू.

हिवरखेडला तेव्हा भुलाबाई बसलेली असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरात मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडतात. संध्याकाळी मुली येऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, आणि शेवटी घरच्या बाईने झाकलेल्या डब्यात काय खाऊ ठेवलाय ते ओळखतात. तो खाऊ म्हणजे खिरापत. आमच्या साताऱ्याकडे हादगा असतो. तिथे पाटावर हत्ती काढतात, इकडे जोडपं मांडतात. डबा दोन्हीकडे तोच.

अमरावती

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा धुकं होतं. अमरावतीकडे जाणाऱ्या रिक्षातून झाडं आधी दिसत नव्हती आणि मग एकदम अंगाशी येत होती, जणू ती रस्ता ओलांडायला थांबली आहेत. सई पेंगत होती. मीही अर्धा झोपेतच होतो. त्या अवस्थेत संत्र्यांचा वास आला तो खरा होता की माझ्या डोक्यातला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. संत्री नंतर बाजारात दिसली. अजून हिरवीच होती.

मुक्काम मामेभाऊ प्रकाशकडे. मामा नोकरीसाठी इकडे आला आणि इकडचाच होऊन राहिला. त्याचा केबलचा धंदा. संध्याकाळी त्याने गिला वडा आणवला. हा अमरावतीचा खास पदार्थ: डाळीचा वडा दह्यात मुरवलेला, वर तिखटजाळ चटणी. पहिला घास थंड लागतो, दुसऱ्याला कान गरम होतात. आम्ही गच्चीत बसलो होतो. खाली गल्लीवरून काळ्या तारांचे झुबके इकडून तिकडे गेलेले, आणि मावळतीच्या केशरी उजेडात त्यांच्यावर साळुंक्यांच्या रांगा.

"पाहून राहिला ना तारा?" प्रकाश म्हणाला. "अर्ध्यायमंधी काईच नाई आता. पाखरायले बसाले ठेवल्या."

मी माझं म्हणणं मांडलं. आता सगळी माणसं एकाच कारखान्यातला माल बघतात, त्यामुळे सगळी सारखी व्हायला लागली आहेत.

"तुयं उलटं हाय, विनू. सारखी तं तेव्हा होती. रात्रीचे आठ वाजले का या गल्लीत कुत्रं भेटत नोतं. एक मालिका, सारी गल्ली. सकाळी नळावर तेच. आता याच्या घरी काय चालू हाय त्याले मालूम नाई."

"पण काका, आम्ही बोलतो ना," सई म्हणाली. "माझी एक मैत्रीण ब्राझीलमध्ये आहे. तीही तेच बघते. आम्ही रोज बोलतो."

"ब्राझीलले बोलते. आन् तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहते?"

सईने बोटं पुसली. "कुलकर्णी. बहुतेक."

"बहुतेक," असं वड्याला सांगून प्रकाशने तो तोंडात टाकला.

मी दुसरा वडा उचलला, कारण खाली कुलकर्णी राहत नाहीत, गोसावी राहतात. आणि ते मलाही जिन्यातल्या पाटीमुळेच माहीत आहे.

अंधार होता होता साळुंक्या एकदम उठल्या. तारा बराच वेळ हलत राहिल्या. त्या हलत्या रेषांकडे बघताना मला वाटलं, की प्रकाशचं म्हणणं खरं असलं तर माझा हिशोबच चुकीच्या रकान्यात मांडलेला आहे. पण ते लगेच कबूल करण्याइतकी माझी तयारी नव्हती.

अकोला

अकोल्याच्या फूलबाजारात मावशीचा मुलगा गजानन भेटणार होता. त्याची हिवरखेडला फुलांची आणि भाजीची शेती आहे. माल घेऊन तो पहाटे येतो आणि रिकामी गाडी परत नेतो. दसरा उलटलेला होता. तीन दिवसांपूर्वी ज्या झेंडूसाठी माणसं भांडली असतील, त्याच झेंडूचे ढीग आता भिंतीकडेला पडले होते आणि गाई त्यांतून निवडून निवडून खात होत्या. संपूर्ण केशरी रस्ता, त्यातून संथ चालणाऱ्या पांढऱ्या गाई, आणि कुणाच्या तरी दुकानात मोठ्याने लागलेलं पंजाबी गाणं. सई म्हणाली, "बाबा, हे स्वप्नात असतं तसं आहे." तिने फोटो काढला नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

गजाननच्या छोट्या टेम्पोत पुढे तिघं बसलो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहिरीवर शेती नाही. मैलोगणती काळी जमीन, तिच्यावर कापसाची बोंडं नुकती फुटू लागलेली. समुद्र सोडून इतकं सपाट मी काही पाहिलेलं नव्हतं. अकोट मागे पडलं तसा उत्तरेला सातपुडा उगवला. डोंगर असा वाटत नव्हता. कुणी निळं बोट पाण्यात बुडवून आभाळाच्या कडेने फिरवलं असावं, तसा.

"यंदा आईचं काई खरं नाई," गजानन म्हणाला.

मी दचकलो. तब्येत का, असं विचारलं.

"तब्येत चांगली हाय. भुलाबाईचं म्हणून राहिलो मी. पोट्ट्या येतच नाईत, दादा. मांगच्या साली पाच-सहा तं येत होत्या. यंदा दोन येतात, त्याबी शेजारच्या, त्यायची माय ढकलते म्हणून. आईनं सांगून टाकलं, कोजागिरीपरेंत अंगण भरलं नाई तं पुढच्या साली भुलाबाई आणायचीच नाई. गावात दुसऱ्या कोणाच्या घरी आता बसवत बी नाईत."

"मग नाही आणली तर?"

त्याने गिअर बदलला. "बाबा गेल्यापासून आई हा एक महिना तेवढी हासते. बाकीचे अकरा महिने याची वाट पाह्यते. आता ते बी गेलं तं आई भिंतीकडे पाहून बसन दिवसभर. मले तेच भेव वाटते."

कोजागिरी परवावर आली होती.

हिवरखेड

मावशी दारातच होती. "आली व माय," म्हणत तिने सईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या बोलण्यात सातारा औषधालाही उरलेला नाही. इकडच्या बायका बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, तशीच तीही म्हणते. जेवायला भाकरी, वांग्याची रस्सेदार भाजी आणि तेल घातलेला मिरचीचा ठेचा. सईला ठेचा झेपणार नाही असं मी म्हणालो. ती दोनदा घेऊन बसली. कोरियन मालिका बघून बघून तिखट खायची सवय झाली, असं तिचं स्पष्टीकरण.

ओसरीवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे धाटांचा, मखर होता आणि त्यात भुलाबाई आणि भुलोजी, डोळे मोठे काढलेले, दोघं जरा आश्चर्यचकित. संध्याकाळी खरोखर दोनच मुली आल्या. त्यांनी फाटकाकडे बघत एक गाणं म्हटलं. मावशीने डबा हलवला.

"खोबरं-साखर," मोठी म्हणाली.

"वासावरून सांगून राहिली तू."

"नाई आजी. तुमी नेहमी तेच करता."

मुली गेल्यावर मावशीने मखरातल्या जोडप्यासमोरची समई पुढे ओढली आणि हळू म्हणाली, "दोनच आल्या व माय." ती आमच्याशी नाही, भुलाबाईशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेवंती तोडायला गेलो. शेवंतीच्या वाफ्यात सकाळी उभं राहिलं की पायाखाली जमीन आहे हे विसरायला होतं. गुडघ्यापर्यंत पिवळं, त्यावर दव, दवातून वाफ, आणि लांबवर तो निळा सातपुडा. गजाननची बायको वंदना हिने टोपल्याच्या काठाला फोन टेकवून ठेवला होता. त्यात हिंदीत बोलणारी कोरियन माणसं भांडत होती. मावशी फुलं खुडत ऐकत होती आणि मधूनच बघत होती. पडद्यावर बर्फ पडायला लागला.

"कापूस उडून राहिला पाह्य," मावशी म्हणाली.

"आजी, बर्फ आहे तो," सई म्हणाली.

"बर्फ हाय ते मालूम हाय मले. पण मले कापूसच दिसते." मग पडद्यावरच्या मुलीकडे बोट दाखवून, "हिचं नाव माह्या तोंडात बसत नाई. मी हिले शेवंता म्हणतो. मोठी गुणाची पोरगी हाय. सासू तेवढी वंगाळ भेटली."

"सासू नाही, कंपनीची मालकीण आहे ती."

"तेच ते," वंदना खाली बघत म्हणाली, आणि मावशीने तिला फुलाने मारलं.

मी इकडे उन्हात घाम पुसत होतो. फोनमध्ये एवढासा हिवाळा चालला होता, आणि शेवंता त्या कापसातून एकटी चालत घरी निघाली होती. क्षणभर मला ती सातपुड्याच्या बाजूने येत असल्यासारखी वाटली.

पडद्यावर पुढे कुणीतरी डबा उघडला. आत काळ्या कागदात गुंडाळलेला भात.

मावशीचा हात थांबला. "सई, हे काय म्हणतात?"

"किंबाप. समुद्रातल्या शेवाळाचा कागद असतो, त्यात भात, गाजर, काकडी."

"हे पोट्ट्यायनं गावात कधी खाल्लं नसंन."

"कसं खातील?"

"मंग आज हेच करू. पाह्यतो कसं ओळखतात ते."

मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललो. सईला इथे आणलं ते वेगळं काही दाखवायला. भुलाबाईपुढे कोरियन भात ठेवायचा तर साताऱ्यात काय वाईट होतं?

मावशीने फुलांचं टोपलं खाली ठेवलं. "विनू, मी लगन होऊन आली ना, तेव्हा मले इकडचं एक गाणं येत नोतं. मी आपली हादग्याची चाल लावून दिली. माही सासू म्हणे, हे घाटावरचं खूळ आमच्या भुलाबाईपुढे काहून आणलं? तीन साल बोलली नाई माह्याशी. आज या गावातल्या बायका तेच गाणं म्हणतात आन् म्हणतात हे हिवरखेडचं हाय." तिने टोपलं परत उचललं. "मी सांगत बी नाई."

मी शेवंती खुडत राहिलो.

शेवाळाचा कागद हिवरखेडला मिळत नाही. अकोल्यातही मिळत असेल असं वाटत नाही. वंदनाने अळूची पानं सुचवली. पानं उकडली, त्यावर भात थापला, गाजर-काकडीच्या कांड्या ठेवल्या, आणि मावशीने कुणाचं न ऐकता मधोमध ठेच्याची एक रेघ ओढली. गुंडाळून चकत्या केल्या. सई म्हणाली की दिसतं तर अगदी तसंच. मग तिने वंदनाच्या फोनवरून गावातल्या मुलींना एवढाच निरोप पाठवला: आज आजीची खिरापत कुणालाच ओळखता येणार नाही.

सूर्य कलला तशा मुली यायला लागल्या. आधी चार, मग सात, मग मी मोजणं सोडून दिलं. माझ्याकडून असं सहसा होत नाही. नंतर ओट्यावर बसून एकदा नीट मोजल्या तेव्हा एकोणीस भरल्या. लहान, मोठ्या, एक तर कडेवर भावाला घेऊन. धुळीत पिवळा उजेड भरला होता. टिपऱ्या वाजायला लागल्या आणि मुलींचं कडं फिरू लागलं. पहिलं गाणं ऐकून मी चमकलो, चाल माझ्या आईची होती. दुसरं त्यांनी स्वतः जोडलेलं होतं. त्यात एक परदेशी राजपुत्र एसटीने शेजारच्या तेल्हाऱ्याला येतो आणि त्याला बसायला जागा मिळत नाही. सई कधी कड्यात शिरली ते मला दिसलं नाही. भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या गोल फिरत होत्या आणि त्यांत साताऱ्याची कुठली, हिवरखेडची कुठली, हे सांगता येत नव्हतं.

मग मावशीने पदराखालून डबा काढला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. जिंकलेल्या माणसाचा चेहरा. तिने डबा हलवला. आवाज आला नाही.

"किंबाप," मागून एक जण म्हणाली.

"हौ, किंबापच," आणखी दहा जणी म्हणाल्या.

खेळ तिथेच संपला. डबा हलवायचा, अर्धा तास चुकीची नावं ऐकायची, चिडवायचं, मुलींनी रडकुंडीला यायचं, ही सगळी त्यातली गंमत. एका शब्दात ती उडाली. जे मावशीला जगातलं सर्वांत लपलेलं वाटलं, ते तर त्याच मालिका बघणाऱ्या या मुलींना सर्वांत आधी आठवणारं होतं. माझा साच्याचा सिद्धांत अंगणात उभा राहिला होता आणि मला त्याचा अजिबात आनंद झाला नाही. चकत्या वाटल्या गेल्या. ठेच्याबद्दल मुली खूश होत्या. मावशी मात्र रिकाम्या डब्यात बघत बसली होती.

"आजी, अजून एक ठेवा ना," चष्मा लावलेली ऋतुजा नावाची मुलगी म्हणाली. "हे तं लवकर झालं."

"हौ ना, आताच तं आलो आमी."

मावशी उठली, आत गेली आणि बऱ्याच वेळाने डबा घेऊन आली. वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊजी, घरात दुसरं काईच नाई. आपल्या जेवणाचं घेऊन आल्या त्या." मावशीचे दात गेलेत, त्यामुळे संध्याकाळी ती कण्या खाते. ज्वारी जाडसर भरडून शिजवायची आणि ताक घालून प्यायची, बस.

"गोड का तिखट?"

"ना गोड, ना तिखट."

"पास्ता? मोमो?"

"नाई."

"इडली. ढोकळा. साबुदाणा."

"नाई व नाई." मावशीचा आवाज वर चढायला लागला. "तुया पणजीनं रोज खाल्लं हे. तुयाच घरी."

यावर मुली अधिकच गोंधळल्या. नावांवर नावं पडत होती, मावशी एकेकीला उडवत होती. "तुयं डोकं का भोपळा?" असं तिने एकीला विचारलं तेव्हा अंगण हसलं. उजेड केशरी झाला, मग जांभळा.

"आजी," ऋतुजा म्हणाली, "त्या मालिकेच्या शेवटी हिरोले ताप येते. मंग ते पोरगी रात्रभर बसते आन् त्याले पातेल्यात शिजवून देते. पांढरं, पातळ. चमच्यानं भरवते. ते हाय का?"

मावशीने डबा खाली टेकवला. "तापात?"

"हौ."

"तापात तेच देतात," ती हळूच म्हणाली. "नाव सांग."

नाव कुणालाच येईना. सईने कोरियन नाव सांगितलं. मावशी म्हणाली, तसल्या नावाचं तिच्या घरी काही शिजत नाही. मग ओळखलं की नाही ओळखलं यावर जी हुज्जत सुरू झाली ती मी कुठल्याही सभेत ऐकलेली नाही. वस्तू ओळखली पण नाव नाही, मग हार कुणाची? शेवटी मावशीने अर्धी जीत दिली आणि झाकण काढलं.

"कण्या," ती म्हणाली.

एकेक चमचा सगळ्यांना मिळाला. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. एक म्हणाली मीठ कमी आहे. ऋतुजाने बराच वेळ तोंडात ठेवलं. "म्हणजे ते शेवंता याच कण्या देत होती त्याले," असं ती म्हणाली. म्हणजे हे नाव गावभर झालेलं होतं तर. मावशीने नुसती मान हलवली. त्या रात्री ती आमच्याबरोबर घरात राखून ठेवलेल्या भाताच्या चकत्या कुस्करून जेवली.

निघायच्या सकाळी गजानन गाडीत शेवंती भरत होता. मावशीने मला गोठ्याच्या मागे बोलावलं आणि इकडे तिकडे बघून विचारलं, "विनू, तुयी आई हादग्याले एक खिरापत ठेवायची. साऱ्या आळीले ओळखता येत नोती. मी लहान होती, मले आता आठवत नाई. काय होतं ते?"

मला आठवत होतं. मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला गव्हाणीचा आधार घ्यावा लागला.

"पुढच्या साली तेच ठेवतो," डोळे पुसत ती म्हणाली. "सईले सांगू नको. आन् तू काई-बाई लिहीत असतो, तिथंबी लिहू नको. या पोट्ट्या सारं वाचतात."

या प्रवासात जे जे खाल्लं ते मी शक्य तितकं नीट सांगितलं आहे. हा एक पदार्थ राहिला. साताऱ्यात लिहिलेलं हिवरखेडला पोहोचायला आता पळभरही लागत नाही, आणि ऋतुजाला चष्मा असला तरी तिची नजर तेज आहे. तेव्हा पुढची कोजागिरी होईपर्यंत वाचकांनी मला माफ करावं.